उंबरठ्यावरील निवेदन

द्रोर मोरे यांच्या २०१२ सालच्या अनुबोधपटाचे हिब्रू नाव 'शोम्रेई हासाफ', म्हणजे उंबरठ्याचे राखणदार. इंग्रजीत तो 'द गेटकीपर्स' या नावाने परिचित आहे. इस्रायलच्या शिन बेत या अंतर्गत गुप्तचर संस्थेचे सहा माजी प्रमुख त्यात १९६७ नंतर पॅलेस्टिनी प्रदेशांवर लादलेल्या अमलाविषयी बोलतात. चर्चा झाली ती त्यांतील गौप्यस्फोटांची. परंतु कबुली हा निवेदनाचा एक प्रकार मानला, तर खरा प्रश्न वेगळाच ठरतो: येथे बोलणारा 'मी' कोणता?

या दृष्टीने अव्राहम शालोम यांचे निवेदन सर्वांत मोलाचे आहे. १९८४ मध्ये ३०० क्रमांकाच्या बसच्या अपहरणानंतर जिवंत पकडलेल्या दोघांना ठार करण्यात आले. त्याच प्रकरणापायी शालोम यांना १९८६ मध्ये पद सोडावे लागले. गॅलिस लावलेला, आजोबांसारखा दिसणारा हा गृहस्थ त्याविषयी बोलताना प्रश्न टाळू पाहतो. तेव्हा पडद्याबाहेरून दिग्दर्शकाचा आवाज येतो आणि आत्मनिवेदनाची उलटतपासणी होते. व्हिएन्नात जन्मलेले हेच शालोम पुढे आपल्या सैन्याची तुलना दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैन्याशी करतात. ज्यूंच्या संहाराशी नव्हे, तर पोल, झेक आदी जित लोकांना मिळालेल्या वागणुकीशी, एवढा भेद ते आवर्जून करतात. पहिला 'मी' दुसऱ्यात विरघळत नाही. दिग्दर्शकाने ही विसंगती मिटवली नाही, यातच त्याची कलादृष्टी दिसते.

मात्र कॅमेऱ्याच्या बाबतीत हे भान सुटते. जुलै २००२ मध्ये सलाह शेहादे यांच्यावर एक टनाचा बॉम्ब टाकला गेला, त्यात मुलेही मेली. २००३ मध्ये हमासचे नेते एकत्र जमले असता लहान बॉम्ब वापरला गेला आणि ते निसटले. आवी दिख्तर यांच्या तोंडी हे जणू वजनमापाचे गणित होते. चित्रपटातील आकाशातून टिपल्यासारखी दृश्येही हीच नजर पत्करतात. खालचा माणूस ठिपका होतो. त्याला वाचा नाही. विषयच गुप्तचरप्रमुखांचा आहे, हा बचाव पुरेसा नाही. निवेदन कर्त्याचे असले म्हणून दृष्टिकोनही त्याचाच असावा, असा कोणताही संकेत नाही.

निवृत्तीनंतरचे शहाणपण असेही या कबुलीचे वर्णन होते. तेही तपासून घ्यावे लागते. याकोव्ह पेरी २०१३ मध्ये मंत्री झाले. दिख्तर तर चित्रपटापूर्वी, २००६ मध्येच, अंतर्गत सुरक्षेचे मंत्री झाले होते आणि २०२२ च्या अखेरीस कृषिमंत्री म्हणून पुन्हा मंत्रिमंडळात आले. उंबरठा त्यांनी दोन्ही दिशांनी ओलांडलेला आहे.