'जनुकाधारित मात्रा' : एका संज्ञेची चिकित्सा

वॉरफरिन हे औषध व्यवहारात 'रक्त पातळ करणारे' म्हणून ओळखले जाते. वस्तुतः त्यामुळे रक्त पातळ होत नाही. शरीरात 'के' जीवनसत्त्व पुन्हा उपयोगात येण्याच्या क्रियेस अडथळा आणून ते रक्त गोठविणाऱ्या काही घटकांची निर्मिती रोखते. मात्रा अपुरी पडल्यास गुठळी होण्याचे भय, अधिक झाल्यास रक्तस्रावाचे. योग्य मात्रा मात्र व्यक्तिपरत्वे बदलते. या भेदाचा बराच भाग दोन जनुकांवर अवलंबून असतो : सीवायपी२सी९ हे यकृतातील औषधाच्या विघटनाशी संबद्ध असून व्हीकेओआरसी१ हे औषध ज्यावर आघात करते त्या विकराशी संबद्ध आहे.

जनुके तपासून मात्रा ठरविल्यास लाभ होतो काय, या प्रश्नावर २०१३ साली दोन चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ते परस्परविरोधी ठरले. ब्रिटन व स्वीडनमधील 'ईयू-पॅक्ट' चाचणीत रक्त गोठण्याचे मान इष्ट मर्यादेत राहण्याचा काळ जनुकाधारित गटात ६७.४ टक्के, तर इतर गटात ६०.३ टक्के होता. अमेरिकेतील 'कोॲग' चाचणीत हेच आकडे ४५.२ व ४५.४ होते, म्हणजे लाभ शून्य.

हा विरोध खरा आहे काय? दोन्हीकडे संज्ञा एकच योजिली असली तरी तिचा प्रतियोगी एक नाही. युरोपात जनुकाधारित मात्रेची तुलना ठराविक आरंभमात्रेशी झाली. अमेरिकेत ती वय, वंश, शरीराचा आकार इत्यादींवरून काढलेल्या सूत्रबद्ध मात्रेशी झाली. शिवाय एका चाचणीचा कालावधी बारा आठवड्यांचा, तर दुसरीचा चार आठवड्यांचा होता. तेव्हा त्यांची उत्तरे भिन्न असली तरी मुळात प्रश्नच भिन्न होते.

याहून गंभीर बाब 'कोॲग'मधील कृष्णवर्णीय रुग्णांची होय. त्यांच्यापैकी जनुकाधारित गटात इष्ट मर्यादेतील काळ ३५.२ टक्के, तर दुसऱ्या गटात ४३.५ टक्के आढळला. अधिक शास्त्रशुद्ध म्हणविणारी पद्धतीच त्यांना प्रतिकूल ठरली. याचे एक संभाव्य कारण 'जनुकाधारित' या शब्दाच्या मर्यादेत सापडते. सीवायपी२सी९ चे युरोपीय लोकांत प्रामुख्याने आढळणारे दोन विभेद, २ व ३ क्रमांकांचे, तपासले गेले; आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणारे ५, ६, ८ व ११ क्रमांकांचे विभेद वगळले गेले. ज्याच्या ठायी न तपासलेला विभेद असेल, त्याची गणना सूत्राने निर्विभेद म्हणून केली. जे तपासलेच नाही ते नाहीच, असा हा तर्क आहे.

सूत्रातील 'वंश' हा घटक ही उणीव भरून काढीत नाही. 'कृष्णवर्णीय' ही संज्ञा समाजाने पाडलेल्या वर्गाचा निर्देश करते. त्या वर्गातील अमुक व्यक्तीच्या जनुकात अमुक विभेद आहे, हे ती सांगू शकत नाही. सीपीआयसीच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनी या संदर्भात उचित संयम दाखविला आहे : आफ्रिकी वंशाच्या रुग्णाचे उपर्युक्त चार विभेद तपासलेले नसतील, तर मात्रा जनुकांवरून न ठरविता रुग्णाच्या इतर लक्षणांवरून ठरवावी, असे त्यांत सुचविले आहे.

एवढ्यावरून ही पद्धत निरुपयोगी ठरत नाही, हे 'ईयू-पॅक्ट'च्या निष्कर्षावरून स्पष्टच आहे. तथापि कोणते विभेद तपासले व तुलना कशाशी केली, हे सांगितल्याखेरीज 'जनुकाधारित' हे विशेषण अपुरे राहते. आणि त्या अपुरेपणाचे मोल चुकीची मात्रा घेणाऱ्या रुग्णास द्यावे लागते.