‘रिकामी’ ठरलेली प्रत : विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ मधील आवृत्तीची चिकित्सा

१

‘आवृत्ती’ हा शब्द आपण आजवर ग्रंथासंबंधी योजीत आलो. अलीकडे संगणकाच्या प्रणालीसंबंधीही तोच शब्द रूढ झाला आहे, आणि तो अयोग्य आहे असे म्हणता येणार नाही. ग्रंथाची नवी आवृत्ती सिद्ध करताना संपादक आधीच्या आवृत्तीतील दोष काढतो, काही भर घालतो, काही गाळतो. प्रणालीची नवी आवृत्ती सिद्ध करणाराही हेच करीत असतो. भेद आहे तो निराळ्या ठिकाणी. ग्रंथाची नवी आवृत्ती घरात आली म्हणून जुनी आवृत्ती कपाटातून नाहीशी होत नाही, आणि वाचकाने समासात केलेल्या टिपांना तर ती स्पर्शही करीत नाही. प्रणालीची नवी आवृत्ती मात्र जुनीच्याच जागी येऊन बसते आणि त्या घरातील इतर सामानसुमानाला हात लावण्याचा अधिकारही तिच्याकडे असतो. हा अधिकार कोणत्या मर्यादेत वापरला जावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट कंपनीने २ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रसिद्ध केलेली विंडोज १० ची १८०९ क्रमांकाची आवृत्ती उदाहरणादाखल घेतली आहे.

भाषा व साहित्य यांच्या अभ्यासकाला या विषयाशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. बोलीची ध्वनिमुद्रणे, पोथ्यांची छायाचित्रे, शब्दसंग्रह, प्रबंधाचे कच्चे खर्डे हे सर्व धन आज रुमालात बांधलेले नसून संगणकातील ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ या नावांच्या फोल्डरांत असते. प्रस्तुत आवृत्तीने काही लोकांच्या बाबतीत नेमके तेच पुसून टाकले.

२

प्रथम घटनाक्रम पाहू. विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी बाहेर आली. तिच्यासोबत कंपनीने एक नवे धोरणही स्वीकारले. यापुढे काही वर्षांनी एकदा मोठी प्रणाली विकावयाची नाही. एकच प्रणाली सतत सुधारीत न्यावयाची, असे ते धोरण होते. २०१७ पासून वर्षातून दोन मोठ्या आवृत्त्या काढावयाचे ठरले. घरगुती वापराच्या प्रणालीत ही आवृत्ती नाकारण्याची सरळ सोय ठेवलेली नव्हती. फार तर ती थोडी पुढे ढकलता येई.

२ ऑक्टोबरला निघालेली आवृत्ती प्रथम अशा लोकांच्या हाती पडली की, जे स्वतः होऊन ‘नवीन काही आले आहे काय’ असे यंत्राला विचारीत असत. इतरांकडे ती ९ ऑक्टोबरपासून आपोआप जावयाची होती. तसे घडले नाही. आवृत्ती बसविल्यावर आपली कागदपत्रे व छायाचित्रे नाहीशी झाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या आणि त्याच आठवड्याच्या अखेरीस कंपनीने वितरण थांबविले. ज्यांनी उत्साहाने व विश्वासाने पुढे होऊन तिचे स्वागत केले, त्यांच्यातच हानी झालेले लोक निघाले, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. ९ ऑक्टोबरला कंपनीने दोषाचे कारण जाहीर केले आणि सुधारलेली आवृत्ती १३ नोव्हेंबर २०१८ रोजी पुन्हा प्रसिद्ध झाली.

दोष एवढाच नव्हता. नेटवर्कवरील ड्राइव्ह पुन्हा न जोडले जाणे, ॲपलच्या आयक्लाउडशी न जुळणे, असे इतर दोषही आढळले. त्यांपैकी बहुतेकांचा विचार येथे करण्याचे कारण नाही. यंत्र काही काळ नीट न चालणे आणि मनुष्याचे लेखन कायमचे नाहीसे होणे या एका तराजूत घालावयाच्या गोष्टी नव्हेत.

३

दोषाचे स्वरूप समजून घेतल्यावाचून त्याची चिकित्सा संभवत नाही. विंडोजमध्ये ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’, ‘डेस्कटॉप’ इत्यादी काही फोल्डर नामांकित असतात. त्यांची मूळ जागा मुख्य डिस्कवर, वापरणाऱ्याच्या नावाखाली असते. परंतु ती जागा बदलण्याची मुभा प्रणालीनेच दिलेली आहे. मुख्य डिस्क लहान असली म्हणजे अनेक जण हे फोल्डर दुसऱ्या डिस्ककडे वळवितात. ही जागा बदलताना जुन्या फाईली नव्या जागी हलवावयाच्या की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. ज्यांनी त्या हलविल्या नाहीत, त्यांचे नवे लेखन नव्या जागी व जुने लेखन जुन्या जागी, असे दोन्हीकडे राहिले. वनड्राइव्ह या कंपनीच्याच साधनाच्या एका जुन्या रूपानेही काही लोकांचे फोल्डर असेच वळविले होते, आणि त्यानेही जुन्या फाईली मूळ जागीच राहू दिल्या होत्या.

आता याच्या अलीकडचा दुवा पाहावा. एप्रिल २०१८ मधील आवृत्तीनंतर, फोल्डर वळविलेल्या काही लोकांच्या संगणकांत त्याच नावाचे आणखी एक रिकामे फोल्डर दिसू लागले. लोकांनी त्याविषयी तक्रार केली. तिची दखल घेऊन ऑक्टोबरच्या आवृत्तीत अशी रिकामी, दुबार फोल्डर काढून टाकण्याची तजवीज करण्यात आली. हेतू शुद्ध होता. केर काढावयाचा होता. परंतु या बदलाचा आवृत्ती बसविण्याच्या क्रमातील दुसऱ्या एका बदलाशी संयोग होऊन जे घडले ते असे : प्रणालीने चालू असलेली नवी जागा तेवढी राखली आणि जुनी जागा, तीत असलेल्या सर्व फाईलींसह, पुसून टाकली.

४

येथे ग्रंथसंपादनाची तुलना आपोआप सुचते. एकाच ग्रंथाच्या दोन प्रती संपादकाच्या हाती आल्या, तर त्यांतील एक दुसरीची निव्वळ नक्कल आहे हे तो केव्हा म्हणतो? दोन्ही प्रती उघडून, ओळीस ओळ ताडून पाहिल्यावर. पोथीच्या वेष्टणावरील नाव सारखे आहे किंवा ती जुन्या कपाटात सापडली, एवढ्यावरून तिला दुबार ठरविणाऱ्या संपादकाला आपण संपादक म्हणणार नाही. एवढेच नव्हे, तर प्रती ताडून पाहिल्यावर जो पाठ तो त्याज्य ठरवितो, तोही तो नष्ट करीत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत मूळ संहितेतून वगळलेले श्लोक तळटीपांत व परिशिष्टांत काळजीपूर्वक जतन केलेले आहेत. आपला निर्णय चुकीचा असू शकतो, आणि तो तपासण्याची साधने पुढील अभ्यासकाच्या हाती राहिली पाहिजेत, ही त्यामागील जाणीव होय.

प्रस्तुत आवृत्तीत या दोन्ही पायऱ्या गळल्या आहेत. फोल्डर रिकामे आहे हे ठरविण्यासाठी त्याच्या आत पाहणे ही पहिली पायरी. संगणकाला ती मुळीच अवघड नाही. फोल्डरमध्ये काही आहे की नाही हे तो क्षणात सांगू शकतो. येथे मात्र फोल्डरची जागा जुनी, यावरूनच व्यवहारात त्याचे भवितव्य ठरले. आशय पाहिला गेला नाही. दुसरी पायरी म्हणजे काढलेली वस्तू काही काळ बाजूस ठेवणे. विंडोजमध्ये ‘रिसायकल बिन’ ही टोपली अनेक वर्षांपासून आहे. आपण स्वतः चुकून एखादी फाईल पुसली तर ती तेथे सापडते. प्रणालीने स्वतः पुसलेल्या फाईलींना मात्र हा आश्रयही मिळाला नाही. ज्यांची हानी झाली त्यांना संगणकाचा वापर शक्य तितका कमी करावा आणि मदतीसाठी दूरध्वनी करावा, असा सल्ला कंपनीला द्यावा लागला. डिस्कवरून पुसलेला मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत कधी कधी परत मिळविता येतो, हे त्यामागील कारण होय. एसएसडी प्रकारच्या डिस्कवर ही आशाही फारशी उरत नाही.

या आवृत्तीतील आणखी एक दोष याच जातीचा आहे. झिप प्रकारच्या संग्रहातून फाईल बाहेर काढताना त्या नावाची फाईल तेथे आधीच असली, तर ‘जुनी बदलून नवी ठेवू काय?’ असा प्रश्न विंडोज पूर्वीपासून विचारीत असे. या आवृत्तीत तो प्रश्नच विचारला जाईना. दोन्ही दोषांचे मूळ तांत्रिक दृष्ट्या भिन्न असेल. परंतु वापरणाऱ्याच्या बाजूने पाहता त्यांचा अर्थ एकच आहे. जेथे मालकाला विचारावयास हवे होते, तेथे विचारले गेले नाही.

५

ही चूक प्रसिद्धीपूर्वी कोणाच्याच ध्यानी आली नव्हती असे असते, तर तिच्याकडे अपघात म्हणून पाहता आले असते. वस्तुस्थिती तशी नाही. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने मोठी नोकरकपात जाहीर केली आणि तीत स्वतंत्र परीक्षकांची संख्याही घटली. मूलभूत परीक्षणाचा भार प्रणाली रचणाऱ्यांकडेच गेला. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत ‘इन्सायडर’ ही योजना सुरू झाली. तीत स्वेच्छेने सहभागी झालेले लक्षावधी लोक आवृत्ती आधी वापरून पाहतात आणि ‘फीडबॅक हब’मध्ये आपले अनुभव नोंदवितात. फाईली नाहीशा झाल्याच्या नोंदी या ठिकाणी आवृत्ती निघण्यापूर्वीच झालेल्या होत्या. मात्र त्यांना दुजोरा देणारी मते थोडी पडली, आणि अधिक मते मिळालेल्या इतर नोंदींच्या राशीत त्या तळाशी राहिल्या. शिवाय, सर्वसाधारण वितरणाच्या आधी आवृत्ती ज्या शेवटच्या चाचणी-गटाकडे पाठविण्याचा प्रघात होता, तो टप्पाही या वेळी वगळण्यात आला होता.

येथे मोजणे आणि तोलणे यांतील भेद विसरला गेला. दहा हजार लोकांना एखाद्या चिन्हाचा रंग आवडत नाही आणि दहा लोकांची आयुष्यभराची छायाचित्रे गेली, तर मतगणनेत पहिली तक्रार जिंकते. वास्तविक दुर्मिळ दोषाला दुजोरा देणारे थोडेच असणार, हे त्याच्या दुर्मिळपणातच अंतर्भूत आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हे नवे नाही. दहा उत्तरकालीन प्रतींत आढळणारा पाठ एका जुन्या, स्वतंत्र प्रतीपुढे गौण ठरू शकतो. साक्षींची संख्या पाहावयाची नसून त्यांचे वजन पाहावयाचे असते. या प्रसंगानंतर कंपनीने तक्रार नोंदविताना तिचे गांभीर्य सांगण्याची सोय केली. दोष केवळ प्रणालीत नसून तो ऐकण्याच्या पद्धतीतही होता, याची ती अप्रत्यक्ष कबुलीच म्हणावी लागेल.

६

न्याय्य चिकित्सेने विरुद्ध पक्षाचाही परामर्श घेतला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, हानी अत्यल्प होती. फाईली गेल्याच्या तक्रारींचे प्रमाण आवृत्ती बसविलेल्या संगणकांच्या ०.०१ टक्का, म्हणजे दहा हजारांत एक, असे कंपनीने सांगितले. मात्र त्या सुमारास विंडोज १० जवळजवळ ७० कोटी यंत्रांवर असल्याचे कंपनीच सांगत होती. वितरण न थांबता हेच प्रमाण सर्वत्र राहिले असते, तर हा ‘अत्यल्प’ अंश सत्तर हजारांच्या घरात गेला असता. कंपनीने वितरण त्वरेने थांबविले याचे श्रेय तिला अवश्य द्यावे. कोणतीही हानी गंभीरच, असेही तिने त्याच वेळी म्हटले होते. परंतु प्रमाणाची भाषा हानी झालेल्याच्या उपयोगाची नसते.

दुसरा आक्षेप : प्रत्येकाने आपल्या फाईलींची दुसरी प्रत ठेवावी; ज्याने ठेवली नाही त्याने दुसऱ्याला दोष देऊ नये. उपदेश उत्तम आहे आणि संशोधकांनी तो आचरणात आणावाच. तथापि घरमालकाने कुलूप लावले नव्हते, यावरून आलेल्या कारागिराची जबाबदारी संपत नाही. येथे तर कारागीर बोलावल्यावाचूनही येणारा होता.

तिसरा आक्षेप सर्वांत बळकट आहे. सक्ती नसेल तर लोक प्रणाली सुधारीतच नाहीत आणि त्याचे परिणाम भयंकर होतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभर संगणक वेठीस धरले; इंग्लंडमधील सार्वजनिक रुग्णालयांची कामेही खोळंबली. ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्ये दिलेली होती. म्हणून सुरक्षेच्या दुरुस्त्या तत्परतेने पोहोचल्या पाहिजेत, याविषयी दुमत नसावे. परंतु या युक्तिवादाने सिद्ध होते ते एवढेच. भिंतीचे भगदाड तातडीने बुजविण्याचा अधिकार मान्य केला, म्हणजे घरातील सामान लावण्याचा व फेकण्याचा अधिकार मान्य केला असे होत नाही. दुरुस्ती आणि नवी रचना यांची एकच मोट बांधणे, हाच धोरणातील मूळ दोष होय. आणि असा प्रसंग घडला की त्याची झळ दुरुस्तीलाच पोहोचते. एकदा हात पोळलेला मनुष्य पुढची आवश्यक दुरुस्तीही टाळू पाहतो.

७

पुढील इतिहास या निष्कर्षाला पुष्टी देणारा आहे. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने नवे धोरण जाहीर केले आणि मे २०१९ च्या आवृत्तीपासून ते अमलात आले. चालू आवृत्तीला पाठिंबा असेपर्यंत मोठी आवृत्ती केव्हा उतरवून घ्यावयाची हे वापरणाऱ्याने ठरवावे, घरगुती वापर करणाऱ्यालाही दुरुस्त्या ३५ दिवसांपर्यंत थांबविता याव्यात, आणि शेवटच्या चाचणी-गटात आवृत्ती अधिक काळ राहावी, असे तिचे मुख्य मुद्दे होते. २०२१ च्या अखेरीस वर्षातून दोनऐवजी एकच मोठी आवृत्ती काढण्याचे ठरले. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून प्रस्तुत आवृत्ती आता इतिहासजमा झाली आहे. ज्यांच्या फाईली परत मिळाल्या नाहीत, त्यांच्यापुरती मात्र ती हानी कायमची राहिली.

या प्रकरणातून निघणारा नियम साधा आहे. ज्याला दुसऱ्याच्या संग्रहात सुधारणा करावयाची आहे, त्याने काही काढण्यापूर्वी उघडून पाहावे, शंका आल्यास मालकाला विचारावे, आणि काढलेले काही काळ राखून ठेवावे. ग्रंथसंपादनात हा नियम आपण केव्हाच मान्य केला आहे. आपल्या टिपणांची व पोथ्यांची राखण आता ज्या प्रणालींकडे आली आहे, त्यांच्याकडून याहून कमी अपेक्षा करण्याचे कारण दिसत नाही.