नवशिक्याची शिदोरी : पायथनसोबत येणाऱ्या साधनांची चिकित्सा

परकी भाषा शिकू लागणाऱ्याच्या हाती व्याकरण, कोश आणि वाचनमाला ही तीन पुस्तके द्यावयाची, हा परिपाठ फार जुना आहे. ह्यांपैकी एकही पुस्तक म्हणजे ती भाषा नव्हे. तथापि शिकणाऱ्याच्या मनात भाषेची जी पहिली प्रतिमा उमटते ती बहुतांशी ह्याच पुस्तकांनी घडविलेली असते. प्रोग्रॅमिंगच्या भाषांनाही हेच विधान लागू पडते. भाषेचे नियम वेगळे आणि तिच्याबरोबर संगणकावर उतरणारी साधने वेगळी. लिहिण्याची खिडकी, आज्ञा चालविणारा भाग, तयार आज्ञांचा संग्रह आणि चूक दाखविणारे संदेश ही ती साधने होत. जाणत्याला हा भेद ठाऊक असतो. नवशिक्याला तो दिसत नाही. म्हणून नवशिक्याच्या शिदोरीत काय बांधावे, हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. तो अध्यापनाचा आणि काही अंशी भाषाविचाराचाही प्रश्न होतो.

ह्याचा पडताळा भारतातील महाविद्यालयांच्या अनुभवावरून सहज मिळतो. बोरलंड कंपनीने १९८३ मध्ये टर्बो पास्कल बाजारात आणले, तेव्हा एडिटर आणि कम्पायलर एकाच पडद्यावर आले; चूक सापडताच कर्सर त्या जागी जाऊन उभा राहू लागला. त्या काळी ही सोय मोठीच होती. त्याच घराण्यातील टर्बो सी प्लस प्लस येथील अनेक महाविद्यालयांत स्थिरावले आणि १९९८ मध्ये सी प्लस प्लसचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरल्यावरही दीर्घकाळ तेथे नांदत राहिले. परिणाम असा झाला की, पडदा पुसणारी ‘सीएलआरएससीआर’ ही आज्ञा मूळ भाषेचीच आहे, अशी विद्यार्थ्यांची समजूत होऊन बसली. वस्तुतः ती त्या साधनाची होती. ‘व्हॉइड मेन’ हे रूपही सी प्लस प्लसच्या प्रमाणात बसत नसताना वह्यांतून प्रमाण म्हणून वावरले. साधनाची बोली ही भाषा मानली गेली. बोली असणे हा दोष नव्हे. परंतु आपण बोली बोलत आहोत हे न कळणे, आणि दुसऱ्या कम्पायलरसमोर बसताच निरुत्तर होणे, ही हानी खरी आहे.

पायथनची कथा निराळी आहे. गीडो व्हान रॉसम ह्यांनी १९९१ मध्ये ही भाषा प्रसिद्ध केली. १९९९ मध्ये, प्रोग्रॅमिंग हे सर्वांना शिकविता यावे, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. त्याच सुमारास ‘आयडल’ नावाचे साधन भाषेबरोबर दिले जाऊ लागले. ‘बॅटऱ्यांसह’ हे ह्या भाषेचे बिरुद तिच्या विस्तृत संग्रहाला उद्देशून आहे. त्यात ‘टर्टल’ हा चित्र काढणाऱ्या कासवाचा विभागही आहे. तो १९६७ च्या लोगो भाषेचा वारसा होय. शिदोरी भरलेली आहे, ह्यात शंका नाही. प्रश्न आहे तो ती कोणत्या क्रमाने आणि कोणत्या भाषेत उलगडते, हा.

आयडलचा पहिला गुण असा की, विद्यार्थ्याने एक ओळ लिहावी आणि तत्काळ उत्तर मिळावे. संवादाने भाषा शिकणाऱ्याला ह्याहून मोठे साहाय्य नाही. पण त्याच साधनात एक अडसरही आहे. संवादाची खिडकी आणि फाइलची खिडकी दिसावयास सारख्या, वागावयास भिन्न. पहिलीत ‘२ + ३’ लिहिले की ‘५’ उमटतात. दुसरीत तेच लिहून आज्ञावली चालविली तर काहीच उमटत नाही. कारण तेथे छापण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते. जाणत्याला ह्यात काही वावगे वाटत नाही. नवशिक्याला मात्र एकच वाक्य एका खोलीत बोलके आणि दुसरीत मुके का होते, हे कोणी सांगत नाही.

कासवाच्या बाबतीत हे मौन अधिक जाचक होते. ‘फॉरवर्ड’ ह्या आज्ञेपुढील कंस विसरला, तर पायथनच्या नियमांप्रमाणे ते वाक्य सदोष ठरत नाही. फाइलमधून चालविले असता कासव हलत नाही आणि संदेशही येत नाही. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही उघड चूक आहे. भाषेच्या दृष्टीने ते निरर्थक परंतु शुद्ध वाक्य आहे. राइस विद्यापीठात १९९५ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘डॉक्टर स्कीम’ ह्या साधनाने, म्हणजेच आजच्या ‘डॉक्टर रॅकेट’ने, नेमका हाच प्रश्न हाती घेतला. त्याच्या कर्त्यांनी भाषेचे पायऱ्यापायऱ्यांचे लहान अवतार केले. पहिल्या पायरीवर मोजक्याच रचना मान्य असल्यामुळे, चुकून अर्थपूर्ण ठरणारी वाक्ये तेथे चूक म्हणून पकडली जातात. बालबोध वाचनमालेत जोडाक्षरे उशिरा येतात, त्यामागील विवेक हाच होय. पायथनच्या शिदोरीत अशी पायरी नाही, हे तिचे सर्वांत मोठे न्यून मानले पाहिजे.

संदेशांच्या बाबतीत मात्र पायथनने केलेली सुधारणा मान्य करावयास हवी. पूर्वी कंस मिटावयाचा राहिला की बोट पुढल्याच ओळीकडे दाखविले जाई आणि ‘अवैध रचना’ एवढेच कळे. २०२१ च्या ३.१० ह्या आवृत्तीपासून, अमुक कंस मिटलेला नाही, असे स्पष्ट सांगितले जाते. पूर्वी संवादातून बाहेर पडण्यासाठी केवळ ‘एग्झिट’ लिहिले, तर कंसासह लिहा, असा उपदेश मिळे. हेतू कळूनही तो पाळला जात नसे. २०२४ च्या ३.१३ ह्या आवृत्तीने हा हट्ट सोडला. कासवाशी खेळताना विद्यार्थी आपल्या फाइललाही ‘टर्टल’ हेच नाव देतो आणि मूळ विभाग झाकला जातो. हा घोटाळाही ती आवृत्ती ओळखते व नाव बदलण्यास सुचविते. ह्या सुधारणांसाठी शिदोरीत नवे साधन घालावे लागले नाही. जुनेच अधिक नीट बोलू लागले.

तथापि नीट बोलणे हे ऐकणाऱ्यावरही अवलंबून असते. मार्सो, फिसलर आणि कृष्णमूर्ती ह्यांनी २०११ मध्ये डॉक्टर रॅकेटच्या संदेशांचाच अभ्यास केला, तेव्हा त्यांतील पारिभाषिक शब्दांचे अर्थ विद्यार्थ्यांना पुरेसे अवगत नसतात, असे आढळले. जी साधने नवशिक्यांसाठीच घडविली त्यांची ही स्थिती. मग मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची काय अवस्था होत असेल, हे सांगावयास नको. पायथन त्याच्याशी इंग्रजीतच बोलते. तो संदेश वाचीत नाही, केवळ त्याचा तांबडा रंग पाहतो. लवकरच, आपणास गणिती बुद्धी नाही, असे तो समजू लागतो. वस्तुतः त्याला एक वाक्य कळलेले नसते.

येथे मराठीच्या अभ्यासकांचे कर्तव्य सुरू होते. भाषा संचालनालयाच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, मराठीत परिभाषाकोशांचे काम झाले. परंतु परिभाषाकोश संज्ञा देतो. त्रुटिसंदेश हे वाक्य असते. काय अपेक्षित होते, काय मिळाले आणि आता काय करावे, हे सांगणारी सुबोध मराठी वाक्ये घडविणे हे कोशकार्याहून भिन्न काम आहे. ‘कंस उघडला, मिटला नाही’ हे वाक्य ज्या शुद्ध पारिभाषिक वाक्यापेक्षा विद्यार्थ्याला लवकर कळते, त्या वाक्याने वाट सोडावी.

शिदोरी भरगच्च असावी, असे एक मत आहे. अनुभवी प्रोग्रॅमरचा भव्य एडिटर आणि विद्यार्थ्याचे वाक्य स्वतःच पुरे करून देणारा यांत्रिक साहाय्यक पहिल्याच दिवशी द्यावा, असा त्याचा आग्रह असतो. परंतु जे साधन शिकणाऱ्याच्या वतीने बोलते, ते त्याला बोलावयास शिकवीत नाही. आधी संवादाची खिडकी, मग लहान भाषा, तिच्याबरोबर कळणारे संदेश आणि एखादे डोळ्यांना दिसणारे कासव, एवढे पहिल्या मुक्कामाला पुरे आहे. बाकीचे सामान पुढच्या वाटेवर मिळते. मात्र पहिल्याच मुक्कामावर जो परतला, त्याला ते कधीच लागत नाही.