यादीतले शब्द आणि उताऱ्यातले शब्द

अमेरिकेतील महाविद्यालयांत प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ‘सॅट’ ही प्रमाणित परीक्षा घेतली जाते. पुण्या-मुंबईहून पदवीसाठी तिकडे जाऊ पाहणारी मुले आणि तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही ती देतात. वाचन विभागाची तयारी म्हटली की सर्वांत आधी हाती येते ती शब्दांची यादी. डावीकडे शब्द, उजवीकडे एका ओळीत अर्थ. बॅरन्सच्या मार्गदर्शक पुस्तकातील अशी यादी साडेतीन हजार शब्दांची म्हणून प्रसिद्ध होती. रोज दहा शब्द पाठ केले तरी ती संपवायला जवळजवळ वर्ष लागणार. एवढ्या श्रमातून विद्यार्थी वाचायला शिकतो का, हे तपासण्याचा येथे विचार आहे. प्रश्न परदेशी परीक्षेचा असला तरी शब्दार्थ आणि व्याख्या पाठ करून घेण्याची रीत आपल्या वर्गांतही तीच आहे.

परीक्षेने बदललेली वाट

ही परीक्षा प्रथम २३ जून १९२६ रोजी सुमारे आठ हजार विद्यार्थ्यांनी दिली. मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगहॅम यांच्या मार्गदर्शनाखाली ती तयार झाली होती. विरुद्धार्थी शब्द ओळखा, शब्दांच्या जोड्यांतील साम्य शोधा, असे प्रश्न त्यात असत. शब्दज्ञान म्हणजे उपजत बौद्धिक कुवतीचे माप, अशी त्यामागची धारणा होती.

या धारणेला तडे जात गेले. साम्यशोधनाचा एक प्रश्न पुढे फार गाजला. धावपटूचा मॅरेथॉनशी जो संबंध, तसा संबंध पर्यायांतील कोणत्या जोडीत आहे? उत्तर होते ‘ओर्समन’ आणि ‘रेगाटा’, म्हणजे वल्हवणारा आणि नौकांची शर्यत. ज्याच्या घरच्यांनी अशा शर्यती पाहिल्या, त्याला हा प्रश्न सोपा. ज्याने नौकाच पाहिली नाही, त्याची तर्कबुद्धी कितीही तल्लख असली तरी येथे ती लंगडी पडते. हे माप बुद्धीचे की घरच्या परिस्थितीचे, असा आक्षेप त्यावर घेतला गेला.

विरुद्धार्थी शब्द १९९४ मध्ये वगळले गेले, शब्दजोड्या २००५ मध्ये, आणि सुट्या वाक्यांतील गाळलेल्या जागा २०१६ मध्ये. या शेवटच्या बदलाची घोषणा मार्च २०१४ मध्ये झाली. क्वचित वापरातल्या शब्दांऐवजी महाविद्यालयात व व्यवसायात उपयोगी पडणारे शब्द उताऱ्यातील संदर्भासह विचारले जातील, असे परीक्षामंडळाने सांगितले. नमुन्यादाखल दिलेल्या एका प्रश्नातील शब्द होता ‘इंटेन्स’. उतारा होता थोड्या मोठ्या शहरांत नोकऱ्या आणि नवनिर्मिती कशी एकवटते याविषयीचा. पर्याय चार: भावनिक, एकवटलेला, तेजस्वी, निर्धारी. शब्द ओळखीचा असूनही उतारा न समजलेला विद्यार्थी येथे चुकतो.

यादीचा दोष कोठे आहे?

यादीत शब्द असतात हा तिचा दोष नव्हे. शब्द हवेतच, त्यांच्यावाचून वाचन नाही. यादी शब्दाला एकच अर्थ चिकटवते आणि तो ज्या विषयात वावरतो त्यापासून त्याला तोडते, हा खरा दोष आहे. ‘प्लास्टिक’ हा शब्द घ्या. तो शिकावा लागतो असे कोणालाच वाटत नाही. पण ‘लहान मुलाचा मेंदू प्लास्टिक असतो’ असे वाक्य एखाद्या इंग्रजी उताऱ्यात आले, तर बादली आणि पिशवी डोळ्यांपुढे आणणारा विद्यार्थी गोंधळतो. येथे अर्थ आहे ‘अनुभवाने घडणारा, आकार घेणारा’. असे शब्द सहसा यादीत नसतात, कारण ते सर्वांना येतात असे गृहीत धरलेले असते.

आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत याची उदाहरणे पानोपानी आहेत. ‘आदर्श विद्यार्थी’ म्हणजे अनुकरणीय. ‘आदर्श वायू’चे अनुकरण कोणी करीत नाही. डोक्यावर ओझे घेऊन स्थिर उभा असलेला हमाल घामाघूम होतो, तरी भौतिकशास्त्राच्या अर्थाने तो त्या ओझ्यावर ‘कार्य’ करीत नाही. ‘मूळ’ झाडालाही असते आणि संख्येलाही. मुलांची अडचण बरेचदा अवघड शब्दांपाशी नसते. ओळखीच्या शब्दाने वेश पालटला की ती चकतात.

मग सोपे शब्द न्याय्य ठरतात का?

येथे परीक्षामंडळाच्या भूमिकेचीही चिकित्सा केली पाहिजे. अवघड शब्द काढले की परीक्षा सर्वांना सारखी झाली, असे वरकरणी वाटते. ही परीक्षा तयार करणाऱ्या संस्थेत अनेक वर्षे संशोधन केलेले रॉय फ्रीडल यांनी २००३ मध्ये याच्या उलट निष्कर्ष मांडला. एकूण गुण सारखे असलेल्या गोऱ्या व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची तुलना केल्यास, कृष्णवर्णीय विद्यार्थी अवघड शाब्दिक प्रश्नांत किंचित सरस आणि सोप्या प्रश्नांत किंचित मागे दिसतात, असे त्यांना आढळले. त्यांचे स्पष्टीकरण असे: रोजच्या वापरातल्या शब्दांना अर्थच्छटा अनेक, आणि त्या समाजागणिक बदलतात. दुर्मीळ शब्द मात्र शाळेत, पुस्तकात भेटतात. म्हणून त्यांचा अर्थ सर्वांसाठी सारखा राहतो. त्यांच्या पद्धतीवर त्याच संस्थेतील संशोधकांनी कडाडून टीका केली. पुढे २०१० मध्ये सांतेलिसेस व विल्सन यांनी नव्या माहितीच्या आधारे पडताळणी केली, तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शाब्दिक प्रश्नांबाबत असा कल पुन्हा दिसून आला.

आमच्या मते यातून निघणारा धडा महत्त्वाचा आहे. यादी कितीही रूक्ष असली तरी ती स्वस्त होती, आणि पुस्तके नसलेल्या घरातल्या मुलाला जिद्दीने पाठ करता येत होती. संदर्भातून अर्थ लावण्याची सवय मात्र विकत मिळत नाही. ती वर्षानुवर्षांच्या वाचनातून येते. तेव्हा यादीवर परीक्षेची भिस्त कमी झाली, याचा फायदा आपोआप गरीब मुलाला होत नाही. त्याच्या घरी जे नाही ते शाळेने दिले, तरच तो होतो.

शिवाय बदलाचे चक्र पुरते एका दिशेने फिरलेले नाही. २०२३ मध्ये अमेरिकेबाहेर आणि २०२४ मध्ये अमेरिकेत ही परीक्षा संगणकावर आली. आता उतारे जेमतेम २५ ते १५० शब्दांचे असतात व प्रत्येकावर एकच प्रश्न असतो. त्यांत गाळलेली जागा परत आली आहे. तीन-चार वाक्यांच्या मजकुरात सर्वांत तर्कसंगत आणि नेमका शब्द निवडायचा असतो. साहजिकच याद्यांनाही पुन्हा मागणी आहे.

शब्द मनात रुजतो कसा?

केवळ भरपूर वाचा, हा उपदेशही अपुरा आहे. नॅगी, अँडरसन व हर्मन यांच्या १९८७ च्या अभ्यासानुसार, वाचताना एकदाच भेटलेला अनोळखी शब्द शिकला जाण्याची शक्यता साधारण वीसात एक असते. शब्द पुनःपुन्हा आणि वेगवेगळ्या वाक्यांत भेटावा लागतो. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते की, एका बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा दिवसांच्या अंतराने विभागलेली उजळणी अधिक टिकते. याच तत्त्वावर सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये कप्प्यांची पेटी सुचविली. आलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते व उशिरा परत येते, चुकलेले पहिल्या कप्प्यात येते.

शब्दामागे विषयाचे ज्ञानही लागते. रेश्ट व लेस्ली यांनी १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या खेळाचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा मजकूर अधिक चांगला समजू शकली. आपल्याकडे क्रिकेटचा उतारा दिला तर काय होईल, याची कल्पना शिक्षकांना सहज करता येईल.

वर्गात काय करता येईल?

भारतात २०२२ पासून पदवी प्रवेशासाठी होणाऱ्या ‘सीयूईटी’ परीक्षेतही उताऱ्यांवरील आकलनाचे प्रश्न आहेत आणि भाषांच्या पर्यायांत मराठी आहे. त्यामुळे हा विचार केवळ इंग्रजीपुरता राहिलेला नाही. तीन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

एक, कार्डाच्या पुढच्या बाजूला सुटा शब्द लिहू नये; शब्द गाळलेले पूर्ण वाक्य लिहावे. तोच शब्द आठवड्याने दुसऱ्या वाक्यात द्यावा. दोन, एका शब्दाची दोन घरे शोधायला सांगावी. ‘आदर्श’, ‘कार्य’, ‘मूळ’, ‘बल’ हे शब्द व्यवहारात काय सांगतात आणि शास्त्रात काय, याची वही मुलांनी स्वतः करावी. तीन, शब्दाआधी वस्तू दाखवावी. पेल्यातल्या पाण्यात चमच्या-चमच्याने मीठ घालत जावे. ढवळूनही तळाशी मीठ उरू लागले की मग ‘संपृक्त’ हा शब्द फळ्यावर लिहावा. पुढे ‘बाजारपेठ संपृक्त झाली’ असे वाक्य वर्तमानपत्रात आले, तर त्या मुलाला शब्दकोश उघडावा लागणार नाही.

याद्या राहतील, विकल्याही जातील. उजळणीचे साधन म्हणून त्यांचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. पण शब्दांची पहिली भेट यादीत होऊ नये. ती प्रयोगाच्या टेबलापाशी, इतिहासाच्या तासाला, नकाशापुढे व्हावी. म्हणजेच शब्दसंग्रह वाढविण्याचे काम एकट्या भाषाशिक्षकावर सोपवून विज्ञानशिक्षकाला मोकळे होता येणार नाही.