‘उपयुक्त’ शिक्षण कोणाचे? : महात्मा फुले यांच्या हंटर आयोगापुढील निवेदनाचे पुनर्वाचन

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 च्या अंमलबजावणीच्या निमित्ताने महाविद्यालयांतून ज्या कार्यशाळा झाल्या, त्यांतून एक गृहीतक वारंवार मांडले गेले. आजवरचे शिक्षण पुस्तकी होते, ते कारकून घडवीत होते. आता प्रथमच ते जीवनाशी आणि भविष्यातील व्यवसायांशी जोडले जात आहे, असे ते गृहीतक होय. त्यातील तक्रार खरी आहे. ‘प्रथमच’ हा शब्द मात्र टिकणारा नाही. हीच तक्रार पुणे येथून 19 ऑक्टोबर 1882 रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगाला सादर केलेल्या निवेदनात आहे, आणि ती अधिक धारदार शब्दांत आहे. हे निवेदन आपल्याकडे बहुधा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीपुरते उद्धृत केले जाते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतही ते तेवढेच उतरते. प्रस्तुत लेखात त्याचे वाचन एका वेगळ्या प्रश्नाच्या अनुषंगाने केले आहे : शिक्षण ‘उपयुक्त’ असावे असे आपण म्हणतो, तेव्हा उपयुक्त ज्ञान कोणाजवळ आहे असे आपण मानतो?

निवेदनाची संहिता मुळात इंग्रजीत आहे आणि तिचा अखेरचा भाग विशेष लक्षणीय आहे. सही करताना फुल्यांनी स्वतःचा परिचय व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचा सभासद, पेठ जुना गंज, असा दिला आहे. 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढणारा, ‘गुलामगिरी’ (1873) लिहिणारा हा माणूस ग्रंथकर्ता किंवा शिक्षणतज्ज्ञ म्हणून सही करीत नाही, ही बाब निव्वळ विनयाची मानता येत नाही. आपण कोणत्या अधिकाराने बोलत आहोत, हे त्या तीन शब्दांनी सांगितले आहे. शेती आणि व्यापार करणाऱ्याला शिक्षणाविषयी बोलण्याचा अधिकार त्या व्यवसायांमुळेच प्राप्त होतो, अशी ती भूमिका आहे. संपूर्ण निवेदनाचा युक्तिवाद याच भूमिकेवर उभा आहे. सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो, परंतु त्यातून होणाऱ्या शिक्षणखर्चाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यातील मूळ आक्षेप आहे.

प्राथमिक शाळेसाठी फुल्यांनी सुचविलेला अभ्यासक्रम साधा आहे. मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची सामान्य माहिती, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांवरील पाठ. शेतीच्या पाठांना लहानशा नमुना शेताची जोड मिळावी, असेही ते म्हणतात. येथपर्यंत त्यांची मांडणी आजच्या कोणत्याही कौशल्याधिष्ठित आराखड्यात सहज बसेल. फरक पडतो तो शिक्षकाच्या प्रश्नापाशी. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, विद्यार्थ्यांत मिसळणारे असावेत आणि प्रसंगी नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरू शकणारे असावेत, अशी त्यांची अपेक्षा आहे. त्यांना प्रशिक्षण असावे आणि वेतन बारा रुपयांपेक्षा कमी नसावे, मोठ्या गावांत ते पंधरा ते वीस असावे, असा आकडाही ते देतात. एवढ्यावर न थांबता गावचे हिशेब तपासणे, दस्तांची नोंदणी, टपाल, मुद्रांकविक्री अशी कामे शिक्षकाकडे सोपवावीत, म्हणजे गावात त्याचा दर्जा वाढेल, असे ते सुचवितात.

या सूचनेकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. आजच्या शिक्षकाला अशैक्षणिक कामांचा जो भार वाहावा लागतो, त्यामुळे ती आपल्याला काहीशी अप्रियही वाटेल. परंतु तिचा रोख वेगळा आहे. गावाचा कागद ज्यांच्या हाती होता, त्यांच्याच हाती गावाची सत्ता होती. तो कागद शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या शिक्षकाच्या हाती द्यावा, असे फुले सांगत आहेत. ज्ञानाची उपयुक्तता त्यांनी उत्पादनवाढीपुरती पाहिली नाही. फसवणूक ओळखता येणे हीही त्यांच्या दृष्टीने उपयुक्तताच होती. ‘तृतीय रत्न’ (1855) या नाटकातील कुणबी जोडपे जोशाकडून नाडले जाते आणि अखेरीस रात्रीच्या शाळेची वाट धरते. ‘शेतकऱ्याचा असूड’ (1883) मध्येही निरक्षर शेतकऱ्याभोवतीचे कागदपत्रांचे जाळे येते. या दोन्ही कृतींच्या मध्ये निवेदन ठेवून वाचले, म्हणजे हिशेब आणि मोडी यांना अभ्यासक्रमात अग्रस्थान का आहे, हे स्पष्ट होते.

माध्यमिक शिक्षणावरील फुल्यांची टीका आजच्या प्राध्यापकाला ओळखीची वाटेल. मॅट्रिकच्या परीक्षेने शिक्षक व विद्यार्थी या दोघांचेही लक्ष व्यापून टाकले आहे, मिळणारे शिक्षण व्यवहारात उपयोगी पडत नाही आणि त्यातून कारकून व शाळामास्तर तेवढे निर्माण होतात, असे ते नोंदवतात. मात्र यावरून ते उच्च शिक्षण आखडते घ्या, असे म्हणत नाहीत. मुंबई विद्यापीठाने खाजगी अभ्यास करून मॅट्रिकला बसण्याची मुभा दिली, तीच वरच्या परीक्षांनाही द्यावी, अशी त्यांची मागणी आहे. सुशिक्षितांची संख्या शतपटीने वाढावी आणि त्यांनी सरकारी नोकरीच्या मागे न लागता उपयुक्त व्यवसाय करावेत, ही त्यांची आशा आहे. व्यवसायोपयोगी शिक्षण आणि पदवीचा खुला दरवाजा या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींपासून तोडल्या नाहीत.

हंटर आयोगाने त्या तोडल्या. माध्यमिक स्तरावर विद्यापीठाकडे नेणारा ‘अ’ आणि व्यावहारिक-व्यापारी स्वरूपाचा ‘ब’, असे दोन अभ्यासक्रम आयोगाने सुचविले. ‘ब’ अभ्यासक्रमाकडे विद्यार्थी फिरकले नाहीत, आणि त्यांचे काही चुकले असे म्हणता येत नाही. प्रतिष्ठा आणि नोकरी ‘अ’ मार्गावर होती. 1937 च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमचे, किंवा आपण सर्वांनी शाळेत खडू आणि मेणबत्त्या करून गुण मिळविले त्या कार्यानुभवाचे पुढे काय झाले, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही.

2020 च्या धोरणात या इतिहासाची जाणीव नाही असे नाही. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दप्तराविना दहा दिवस सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांजवळ घालवावेत, असे त्यात म्हटले आहे. हेतू चांगला आहे. पण या यादीतील ‘माळी’ हा शब्द वाचताना प्रस्तुत लेखकाला थांबावे लागले. फुल्यांचे घराणे माळ्याचे. ज्याच्याकडे विद्यार्थ्यांनी दहा दिवस जाऊन यावे, असा माळी धोरणात आहे; ज्याचा मुलगा शाळेत शिक्षक व्हावा आणि गावचे हिशेब तपासावा, असा माळी निवेदनात आहे. पहिल्याकडून आपण अनुभव घेतो. दुसऱ्याशी अधिकार वाटून घ्यावा लागतो.

पदव्युत्तर वर्गाच्या नव्या रचनेत ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला चार श्रेयांक, म्हणजे 120 तास आहेत. मराठीच्या एम.ए. प्रथम वर्षातील एका विद्यार्थिनीचा अनुभव येथे नोंदवणे उचित ठरेल. तिच्या घरी कांद्याची चाळ आहे. कोणता कांदा चाळीत टिकेल, कोणता लगेच बाजारात काढावा, गोल्टी केव्हा वेगळी करावी, हे तिला हाताने कळते. हमाली, तोलाई वजा होऊन आलेली पट्टी ती वाचते. आणि खर्च विक्रीपेक्षा अधिक होऊन शेतकऱ्याच्याच अंगावर रक्कम निघते ती ‘उलटी पट्टी’ कशी तयार होते, हे तिने वर्गात फळ्यावर मांडून दाखविले होते. त्या शब्दसंपदेवर एक उत्तम क्षेत्रीय प्रकल्प झाला असता. प्रशिक्षणासाठी मात्र तिला नोंदणीकृत आस्थापनेचे पत्र हवे होते. तालुक्यात मराठीच्या विद्यार्थ्याला घेणारी आस्थापना म्हणजे एक वृत्तपत्राचे कार्यालय आणि दोन डीटीपी केंद्रे. तिने 120 तास लग्नपत्रिका टंकलिखित केल्या, शिक्का आणला आणि श्रेयांक मिळविले. संध्याकाळी घरी जाऊन ती चाळीत बसत होती, त्याची नोंद कोठेही नाही.

यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी घेतलेला आक्षेप गंभीर आहे. शेतकऱ्याच्या मुलीने शेतीतून बाहेर पडण्यासाठी एम.ए. केले, तिला पुन्हा चाळीचेच श्रेयांक देणे म्हणजे तिला तेथेच बांधून ठेवणे नव्हे काय? कामाच्या नावाने जातीचा व्यवसाय शाळेत परत येण्याचा धोका खरोखरच आहे, आणि त्याविषयी सावध न राहणारा कौशल्यविचार फुल्यांच्या विरोधात जाईल. परंतु निवेदनात नांगराबरोबर इतिहास, व्याकरण आणि पदवीपर्यंतची वाट आहे. त्या मुलीला चाळीचे ज्ञान आहे म्हणून भाषाविज्ञान कमी शिकवावे, असे कोणी म्हणत नाही. ते ज्ञान भाषाविज्ञानाच्या वर्गात ज्ञान म्हणून मोजले जावे, एवढाच मुद्दा आहे.

निवेदनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यातील इंग्रज सरकारवरचा विश्वास आज भाबडा वाटतो. ज्या माणसाने सावित्रीबाईंसह स्त्रीशिक्षणाची पायाभरणी केली, त्याच्या या निवेदनात स्त्रियांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी अखेरीस, अगदी थोडक्यात येते. आयोगाच्या प्रश्नांच्या चौकटीमुळे तसे झाले असावे, असे म्हणता येईल. तरी ती उणीव खटकतेच.

भविष्याचा अंदाज बांधणाऱ्या रचनांविषयी प्रस्तुत लेखक काहीसा साशंक आहे, याला एक वैयक्तिक कारणही आहे. ज्या एम.फिल. पदवीसाठी त्याने दोन वर्षे दिली, ती या धोरणाने अनावश्यक ठरविली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांनी बंद केली. पूर्वी मिळालेली पदवी वैध आहे, हे खरे. पण तिच्या आधारे अध्यापनात येऊ, असे मानणाऱ्यांना त्या वेळी कोणीही सावध केले नव्हते.

आमच्या महाविद्यालयाच्या समितीपुढे मागील वर्षी एक प्रस्ताव ठेवला होता. बाजार समितीतील अनुभवी हमाल, कांद्याची प्रतवारी करणाऱ्या स्त्रिया किंवा शेतकरी पालक यांना मार्गदर्शक म्हणून मान्यता द्यावी, त्यांची सही मूल्यमापनपत्रावर ग्राह्य धरावी आणि विद्यार्थ्याने त्या कामाचे भाषिक अथवा सामाजिक विश्लेषण लिहावे, असे त्याचे स्वरूप होते. सदस्यांनी तो आस्थेने ऐकला. नमुना अर्जातील ‘आस्थापनेचा नोंदणी क्रमांक’ हा रकाना रिकामा ठेवता येत नसल्यामुळे तूर्त निर्णय घेता येणार नाही, अशी नोंद इतिवृत्तात आहे.