निकालानंतरचं नाटक

राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचा निकाल सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या पत्रकातून येतो. आधी नाटकांचे क्रमांक, मग दिग्दर्शन, प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषा, अभिनयाची रौप्यपदकं, गुणवत्ता प्रमाणपत्रं आणि शेवटी परीक्षकांची नावं. छत्रपती संभाजीनगर केंद्राचं हे पत्रक मी अनेक वर्षं वाचत आलो आहे. कोण पहिलं आलं ते त्यातून कळतं. ते पहिलं का आलं, दुसऱ्याचं काय राहून गेलं, ज्या नाटकाचं नाव पत्रकात कुठेच नाही त्याच्या लेखकाने पुढचं नाटक लिहिताना कशाकडे बघावं, याबद्दल त्यात एक अक्षरही नसतं. या शहरातल्या नाटकाच्या आजच्या स्थितीबद्दल बोलायचं तर या पत्रकापासूनच सुरुवात करावी लागेल. इथलं बहुतेक हौशी नाटक आता स्पर्धेसाठी उभं राहतं आणि स्पर्धेबरोबरच संपतं.

स्पर्धेचं ऋण मराठी रंगभूमीवर मोठं आहे, ते आधी मान्य केलं पाहिजे. १९५४ साली मुंबई राज्यात ही स्पर्धा सुरू झाली. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली ‘रंगायन’ने स्पर्धेसाठी म्हणून बसवलं. स्पर्धेची तारीख ठरलेली नसती तर ते नाटक केव्हा लिहून झालं असतं, कोण जाणे. मराठवाड्यासारख्या भागात तर स्पर्धा हा दर वर्षी हमखास उघडणारा एकमेव मंच होता. परभणी, नांदेड, लातूरच्या शिक्षकांनी, बँकेतल्या कारकुनांनी, एसटीच्या कर्मचाऱ्यांनी दिवसभराची नोकरी सांभाळून रात्री तालमी केल्या त्या याच स्पर्धेच्या आशेवर.

पण या शहराचं नाटक स्पर्धेतून जन्मलं असं मात्र नाही. १९५५ साली नागसेनवनात, मिलिंद महाविद्यालयात, प्राचार्य म. भि. चिटणीस यांचं ‘युगयात्रा’ झालं आणि ते बघायला स्वतः बाबासाहेब आंबेडकर होते. दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना अभ्यासक या प्रयोगाचं नाव अगदी आरंभी घेतात. त्याला कुणी क्रमांक दिला नव्हता. तो समोरच्या प्रेक्षकांसाठी झाला होता, आणि त्या प्रेक्षकांना रंगमंचावर स्वतःचा इतिहास दिसत होता. पुढे प्रकाश त्रिभुवन यांच्या ‘थांबा, रामराज्य येतंय’सारख्या नाटकांनी तीच वाट धरली. सत्तरच्या दशकात राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आलेल्या कमलाकर सोनटक्के यांनी मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग उभा केला, आणि नाटक ही शिकण्याची, घासून घेण्याची विद्या आहे हे इथल्या तरुणांना प्रथमच नीट कळलं. रुस्तुम अचलखांबांनी लोककलेचा अभ्यास आणि रंगमंच एकत्र आणले. लक्ष्मण देशपांडे याच विभागात शिकवत. त्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ म्हणजे एक नट, एक उपरणं आणि बावन्न माणसं. गिनेस बुकात त्याची नोंद झाली. त्या प्रयोगाचं मोठेपण मात्र दुसरीकडे आहे. मराठवाडी बोली हसण्यापुरती वापरून टाकायची गोष्ट नाही, तिच्यात माणसाचा सगळा स्वभाव उभा करता येतो, हे त्यांनी हजारो प्रेक्षकांना पटवून दिलं. पुरस्काराच्या कुठल्या रकान्यात हा प्रयोग बसला असता? लेखन, दिग्दर्शन, अभिनय सगळं एकाच माणसाचं, नेपथ्य जवळजवळ नाहीच. स्पर्धेच्या गुणपत्रिकेला तो झेपला नसता.

ऐंशीच्या दशकात चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि त्यांच्या मित्रांनी इथे ‘जिगीषा’ सुरू केली. एकांकिका आणि स्पर्धा गाजवून ही मुलं मुंबईला गेली. तिथे १९९१ साली ‘चारचौघी’ आलं, पुढे अजित दळवींचं ‘गांधी विरुद्ध गांधी’ आलं, आणि मराठी व्यावसायिक रंगभूमीचा चेहराच बदलला. २०२२मध्ये ‘चारचौघी’ नव्या संचात परत आलं तेव्हाही ते जुनं वाटलं नाही. या सगळ्याचा या शहराला अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. पण त्याच अभिमानाने आमची एक सवय पक्की केली. चांगलं नाटक करणारा माणूस मुंबईला जाणार हे आम्ही गृहीत धरू लागलो. बक्षिसाची उपयुक्तता मग तेवढीच उरली. ते मुंबईच्या प्रवासाचं तिकीट झालं.

आजच्या स्पर्धेत दिसणाऱ्या नाटकांबद्दल आता स्पष्ट बोलतो. एकांकिकांमध्ये तर एक साचाच तयार झाला आहे. पडदा उघडताच पाच मिनिटांत धक्का. मग सहा-आठ जणांचा समूह, त्यांची एकाच तालातली अंगविक्षेपांची भाषा, लेव्हल्सवर चढणं-उतरणं, लाल स्पॉट, कानठळ्या बसवणारा ट्रॅक. शेवटी एका पात्राचं प्रेक्षकांकडे तोंड करून लांबलचक भाषण आणि ब्लॅकआऊट. विषय दुष्काळ, शेतकऱ्याची आत्महत्या, जात, बाईवरचा अत्याचार. हे विषय खोटे नाहीत. ही मुलं त्या घरांतूनच आलेली असतात, त्यांनी कोरडी विहीर पाहिलेली असते. पण रंगमंचावर येईपर्यंत विहीर कोरडी कशी झाली, पाइपलाइनसाठी कर्ज कुणाकडून घेतलं, सोसायटीचं किती आणि सावकाराचं किती, मोसंबीची बाग तोडताना घरात कोण काय बोललं, हा सगळा तपशील गळून पडतो आणि उरतो तो नुसता आक्रोश. आक्रोशाला टाळ्या पडतात. मागच्या वर्षी ज्याला बक्षीस मिळालं त्याची नक्कल पुढच्या वर्षी चार संघ करतात. त्यांना दुसरं काय करता येणार? आधीच्या नाटकात परीक्षकांना काय आवडलं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून डोळ्यांना जे दिसलं तेवढं ते उचलतात.

याच्या उलट जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थचं उदाहरण आहे. राजकुमार तांगडे यांनी विजेच्या चोरीवर ‘आकडा’ लिहिलं. मग त्यांच्याच लेखणीतून, संभाजी भगत यांची संकल्पना आणि नंदू माधव यांचं दिग्दर्शन घेऊन, २०१२ साली ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ उभं राहिलं. शेतात राबणारे नट, गावाकडची अस्सल बोली, आणि विचाराला भिडताना आवाज चढवण्याची गरज न पडणारं विनोदाचं बळ त्यात होतं. महाराष्ट्रभर त्याचे प्रयोग झाले. प्रयोगामागून प्रयोग होत गेल्याने ते घडत, बदलत, धारदार होत गेलं. एका संध्याकाळच्या गुणांवर ते विसंबलं असतं तर तिथेच मिटलं असतं. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत मराठवाड्याने मराठी रंगभूमीला दिलेलं हे सर्वांत मोठं नाटक आहे, आणि स्पर्धेच्या चौकटीत मावणारी एकही सवय त्याला नाही.

पुरस्कारांचा विचार करताना मला आयर्लंडकडे बघावंसं वाटतं. तो देश लहान आहे, नाटकवेडा आहे आणि तिथेही राजधानीची सावली बाकीच्या गावांवर पडलेली आहे. ‘द आयरिश टाइम्स’ हे वृत्तपत्र १९९७पासून वर्षभरातल्या उत्तम नाटकांना पुरस्कार देतं. त्यातली माझ्या मनात घर करून बसलेली गोष्ट म्हणजे परीक्षक वर्षभर देशभर हिंडून जिथे नाटक होतं तिथे जाऊन ते बघतात. आपल्याकडे मुंबईत होणाऱ्या झगमगत्या नाट्यपुरस्कारांच्या विचारात येण्यासाठी नाटकाला आधी मुंबईत पोचावं लागतं. संभाजीनगरात, तिथल्याच प्रेक्षकांसमोर झालेला उत्तम प्रयोग त्या सोहळ्यांच्या लेखी झालेलाच नसतो.

हौशी नाटकाच्या बाबतीत तर आयर्लंडचं उदाहरण आणखी जवळचं आहे. आपली स्पर्धा १९५४ची, त्यांचा अ‍ॅथलोन या गावचा अखिल आयर्लंड नाट्यमहोत्सव १९५३चा. तिथले संघही नोकरदारांचे, शेतकऱ्यांचे, गावोगावचे. पण तिथे संघ तेच नाटक घेऊन वेगवेगळ्या गावांतल्या महोत्सवांत उतरतो, गुण साठवत जातो, आणि सर्वांत पुढे असलेले संघ अ‍ॅथलोनच्या नऊ रात्रींसाठी निवडले जातात. म्हणजे अंतिम फेरीपर्यंत पोचलेलं नाटक अनेक प्रेक्षकांच्या नजरेखालून गेलेलं असतं. आणि दर रात्री प्रयोग संपला की परीक्षक रंगमंचावर येतो आणि प्रेक्षकांसमोर त्या नाटकाबद्दल बोलतो. कुठला प्रवेश सैल होता, कुठे दिग्दर्शकाने संहितेला धरून ठेवलं, कुठल्या नटाने ऐकण्याचं काम चांगलं केलं. प्रेक्षक ते ऐकायला थांबतात. सत्तर वर्षं हे चालू आहे, आणि त्यातून नाटक बघायला शिकलेला प्रेक्षक गावोगाव तयार झाला आहे.

आपल्याकडे परीक्षक बोलला की काय होतं याची चुणूक २०२२मध्ये पुण्यात दिसली. महाराष्ट्रीय कलोपासकच्या पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कोणालाच द्यायचा नाही असं ठरवलं. १९६३पासून चाललेल्या स्पर्धेत असं प्रथमच घडलं. राग, नाराजी, पाठिंबा, सगळं उसळलं. पण महाविद्यालयीन एकांकिका आज कुठे उभी आहे यावर त्या आठवड्यांत जितकं जाहीर बोललं गेलं तितकं त्याआधीच्या कित्येक वर्षांत बोललं गेलं नव्हतं. पुरुषोत्तमच्या महाकरंडकाचं केंद्र आपल्याकडेही असतं, लोकांकिकेचं असतं, विद्यापीठाचा युवक महोत्सव असतो. ‘अरे आवाज कुणाचा’च्या घोषात निकाल लागतात आणि दुसऱ्या दिवशी मुलं पुढच्या करंडकाच्या तालमीला लागतात. करंडक नाकारावा असं माझं मुळीच म्हणणं नाही. मुलांच्या मेहनतीला दाद मिळालीच पाहिजे. पण दाद देणाऱ्याने आपलं मत कारणांसह मांडलं पाहिजे, आणि तेही मुलांच्या समोर.

आयर्लंडातल्याच गॉलवे शहराचं उदाहरण मला वारंवार आठवतं. १९७५ साली तिथल्या विद्यापीठाच्या नाट्यमंडळात भेटलेल्या गॅरी हाइन्स, मरी मलन आणि मिक लॅली यांनी ‘ड्रुइड’ नावाची नाटक कंपनी काढली. १९९६ साली त्यांनी पश्चिम आयर्लंडातल्या एका खेड्यात घडणारं, तिथल्या बोलीतलं ‘द ब्यूटी क्वीन ऑफ लीनेन’ गॉलवेतच प्रथम सादर केलं. दोन वर्षांनी त्याच नाटकासाठी हाइन्स यांना न्यूयॉर्कमध्ये टोनी पुरस्कार मिळाला. नाटकाच्या दिग्दर्शनाचा टोनी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. ड्रुइड आजही गॉलवेतच आहे, आणि गॉलवे शहराची लोकसंख्या लाखाच्या आत आहे. २०११च्या जनगणनेत आपल्या शहराची पावणेबारा लाखांच्या घरात होती. विद्यापीठातून बाहेर पडलेल्या तीन तरुणांनी जे तिथे केलं ते इथेही सुरू झालं होतं. पण ‘जिगीषा’च्या मुलांना इथे थांबवून ठेवेल असं काही नव्हतं. ना नियमित प्रयोगांची सोय, ना स्थानिक निर्मितीला महिनोन् महिने जगवणारा पैसा, ना दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रयोगाला तिकीट काढणारा प्रेक्षक.

नाट्यगृहांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर पुष्कळ बोलून झालं आहे. महापालिकेचं संत एकनाथ रंगमंदिर दुरवस्थेमुळे टीकेचं धनी झालं, दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद राहिलं आणि मग पुन्हा उघडलं. त्या काळात निराला बाजारातल्या तापडिया नाट्यमंदिरावर सगळा भार आला. मोठं नाट्यगृह मुंबईच्या नाटकांसाठी हवंच. पण इथल्या संस्थांची खरी गरज दीडशे-दोनशे आसनांच्या, कमी भाड्याच्या, शनिवार-रविवार हमखास मिळणाऱ्या जागेची आहे. एकनाथ रंगमंदिराच्या आसनसंख्येसमोर ऐंशी प्रेक्षक बसले की नटांचा धीर सुटतो. तेच ऐंशी छोट्या जागेत बसले की प्रयोग भरलेला वाटतो, आणि संस्था पुढच्या आठवड्याची तारीख घेते.

शासनाकडून नव्या योजनेची वाट न बघता एक गोष्ट या वर्षीच्या प्राथमिक फेरीतही करता येईल. परीक्षक बाहेरगावहून आलेले असतात, पंधरवडाभर इथेच मुक्काम करतात, रोज संध्याकाळी नाटक बघतात. निकाल जाहीर झाला की नाट्य परिषदेच्या शाखेने किंवा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाने त्यांना एका रविवारी बोलवावं आणि प्रत्येक संघाशी, हवं तर बंद दाराआड, पण सविस्तर बोलू द्यावं. संहिता हातात घेऊन, पानापानावर खुणा करून. पहिल्या तीन नाटकांचे, आणि परीक्षकांना वाटेल त्या आणखी एका नाटकाचे, महिन्याभरात शहरात पुन्हा प्रयोग लावावेत. त्या चौथ्या नाटकाबद्दल मी विशेष आग्रही आहे, कारण क्रमांक न मिळालेल्या नाटकांमध्येच बहुधा एखादा लेखक काहीतरी नवं सांगू बघत असतो आणि त्याला अजून ते नीट साधलेलं नसतं. त्या प्रयोगांना तिकीट असावं, भले वीस रुपयांचं, आणि पैठण, सिल्लोड, कन्नड, वैजापूरच्या महाविद्यालयांतल्या मुलांना बसने आणावं. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मिळालेलंच असतं, नेपथ्य तयार असतं, नटांचं पाठांतर ताजं असतं. खर्च राहतो तो जागेच्या भाड्याचा आणि परीक्षकांच्या आणखी एका मुक्कामाचा.