‘भारतीय आई’ म्हणजे नेमकी कोण? सुधीर कक्कर यांचं ‘द इनर वर्ल्ड’ वाचताना

मानसशास्त्र, कुटुंब, लहानपण यांवरचं गाजलेलं पुस्तक हातात आलं की पहिली पन्नास पानं मान डोलावण्यातच जातात. ‘अगदी बरोबर, आमच्याकडेही असंच!’ हौसेने वाचणाऱ्याला हे माफ आहे. संशोधन करणाऱ्याला नाही. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले, म्हणून आज त्या चुकीबद्दल आणि ती ज्या पुस्तकामुळे झाली त्याबद्दल.

मी सिनॉप्सिस लिहीत होते. विषय, ऊसतोड करणाऱ्या कुटुंबांमधली लहान मुलांची देखभाल. प्रस्तावनेत मी ऐटीत एक वाक्य टाकलं: ‘भारतीय कुटुंबात पहिली चार-पाच वर्षं मूल जवळजवळ पूर्णपणे आईच्या सहवासात वाढतं.’ पुढे कंसात कक्कर, १९७८. गाईडनी त्याखाली रेघ मारली आणि समासात तीनच शब्द लिहिले: ‘तुझ्या कोयत्यावर सुद्धा?’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. म्हणजे पहाटेच दोघंही फडात. मी प्राथमिक पाहणीला गेले तेव्हा तान्हं बाळ बांधावर साडीच्या झोळीत होतं आणि झोळीची दोरी आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या हातात. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, डायरीत लिहिलंही होतं. तरी प्रस्तावनेत वाक्य आलं ते पुस्तकातलं. असं का झालं असेल?

आधी पुस्तकाला न्याय देऊ. सुधीर कक्कर (१९३८-२०२४) मूळचे इंजिनिअर, मग अर्थशास्त्र, मग एरिक एरिक्सन यांच्या प्रभावाने मनोविश्लेषणाकडे वळलेले. आयुष्याची शेवटची बरीच वर्षं ते गोव्यात राहिले. ‘द इनर वर्ल्ड’ १९७८ साली आलं. भारतीय लहानपण म्हणजे पाश्चात्त्य लहानपणाची बिघडलेली आवृत्ती, असं मानायला त्यांनी नकार दिला. आपल्याकडच्या मुलाची वाढ आपल्या संस्कारांच्या, पुराणकथांच्या आणि कुटुंबरचनेच्या आधारे समजून घ्यायला हवी, हा त्यांचा आग्रह आजही महत्त्वाचा आहे.

त्यांचा मुख्य युक्तिवाद थोडक्यात असा. नवी सून सासरी परकी असते, तिचं स्थान डळमळीत असतं. मुलगा झाला की तिला मान मिळतो. त्यामुळे ती त्या मुलाला जिवापाड जवळ ठेवते. चार-पाच वर्षांनी मात्र मुलगा बायकांच्या जगातून उचलला जातो आणि शिस्तीच्या, उतरंडीच्या पुरुषी जगात जातो. या बदलाला कक्कर ‘दुसरा जन्म’ म्हणतात. त्या तुटण्याचे ठसे मोठेपणीच्या मनावर राहतात, असं त्यांचं म्हणणं.

युक्तिवाद देखणा आहे. सासू-सुनेच्या राजकारणापासून कृष्णकथेपर्यंत सगळं एका धाग्यात ओवलं जातं. पण आपण संशोधक आहोत, तेव्हा विचारायला हवं: हा धागा आला कुठून?

कक्कर यांच्याकडे स्वतःचे रुग्ण होते, पुराणकथा होत्या आणि इतरांनी केलेलं क्षेत्रकार्य होतं. त्यात एक महत्त्वाचा आधार म्हणजे जी. मॉरिस कारस्टेअर्स यांचं ‘द ट्वाइस-बॉर्न’ (१९५७). राजस्थानातल्या एका गावातले राजपूत, ब्राह्मण आणि बनिया यांच्यावरचा हा अभ्यास. नावातच ‘द्विज’ आहे! दुसरा आधार, उत्तर प्रदेशातल्या खालापूरच्या राजपुतांवरचा मिंटर्न आणि हिचकॉक यांचा अभ्यास. तिथल्या बायका पडद्यात, अंगणाच्या भिंतीआड. आता बघा, आई दिवसभर अंगणात आहे म्हणून मूल दिवसभर आईजवळ आहे. आणि ती अंगणात राहू शकते, कारण घराकडे जमीन आहे आणि शेतात राबायला दुसरं कुणीतरी आहे. ते ‘दुसरं कुणीतरी’ बाई असेल, तर तिचं मूल कुठे आहे? तिथपर्यंत पुस्तक पोचत नाही.

दुसरी अडचण ‘परकी सून’ या गृहीतकाची. गावाबाहेर, नात्याबाहेर, अनोळखी घरात मुलगी देण्याची पद्धत प्रामुख्याने उत्तरेकडची. इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) मध्ये नातेव्यवस्थेतले हे प्रादेशिक फरक मांडले होते. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाची मुलगी करतात. म्हणजे सुनेची सासू ही तिची आत्याच. आत्या सासू झाली की लगेच प्रेमळ होते असं नाही, हे सांगायला नकोच. पण ती सून ‘अनोळखी घरात एकटी’ मात्र नाही. कक्कर यांच्या युक्तिवादाची पहिली पायरीच इथे हलते. गंमत म्हणजे कर्वे यांचं पुस्तक ‘द इनर वर्ल्ड’च्या पंचवीस वर्षं आधीचं!

तिसरी अडचण पर्यायी स्पष्टीकरणाची. समजा कक्कर यांची निरीक्षणं अगदी बरोबर आहेत. तरी त्यांचा अर्थ तोच निघतो का? स्टॅन्ली कर्ट्झ यांनी ‘ऑल द मदर्स आर वन’ (१९९२) मध्ये वेगळा अर्थ लावला. एकत्र कुटुंबातलं मूल एका आईला चिकटून राहत नाही. काकू, आजी, आत्या अशा अनेक ‘आयां’च्या गोतावळ्याकडे ते हळूहळू वळवलं जातं, असं त्यांचं म्हणणं. सुझन सेमूर यांनी १९६० च्या दशकापासून भुवनेश्वरमधल्या वेगवेगळ्या जाती-वर्गांच्या कुटुंबांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांच्या १९९९ च्या पुस्तकातही मूल अनेक हातांत वाढताना दिसतं. कर्ट्झ यांचंही सगळंच मान्य करा असं मी म्हणत नाही. पण त्याच मुलाकडे पाहून दोन अभ्यासक दोन अर्थ काढत असतील, तर आपण एकालाच ‘सिद्ध’ म्हणून उद्धृत करू शकत नाही.

मग हे पुस्तक वाचू नये? जरूर वाचा. फक्त हातात पेन्सिल ठेवा. जिथे जिथे ‘भारतीय’ हा शब्द येईल तिथे समासात लिहा: कोण? कुठलं? जमीन होती का? बाई कामाला कुठे जात होती? मी हे दुसऱ्या वाचनात केलं. काही पानांवर उत्तर सापडलं, बऱ्याच पानांवर नाही. जिथे सापडलं नाही, तिथेच तुमच्या संशोधनाला जागा आहे. नेट-सेटच्या तयारीत आपण ‘कक्कर म्हणजे मनोविश्लेषण’ अशा जोड्या पाठ करतो. त्या परीक्षेला पुरतात. आरआरसीसमोर ‘तुमच्या नमुन्याला हे कसं लागू?’ असा प्रश्न आला की पुरत नाहीत.

हे सगळं एका वाक्यासाठी कशाला, असं वाटेल. पण त्या वाक्याचा परिणाम बघा. ‘भारतीय मूल आईच्या सहवासात वाढतं’ हे मी आरंभीच मान्य केलं असतं, तर पुढच्या प्रत्येक प्रकरणात ऊसतोड करणारी आई कमी पडणारी आई ठरली असती. मी तिची मुलाखत घेतली असती आणि तिच्यात काय ‘नाही’ याची यादी केली असती. आणि दोरी धरलेली ती मुलगी? ती माझ्या तक्त्यांत कुठेच आली नसती, कारण प्रश्नावलीत तिच्यासाठी रकानाच नव्हता.

आता सिनॉप्सिसमधलं वाक्य बदललंय. तिथे विधान नाही, प्रश्न आहे: आई दिवसभर फडात असते तेव्हा आईपण कुणाकुणात वाटलं जातं आणि त्याची किंमत कोण मोजतं? कक्कर यांचा संदर्भ अजून आहे, फक्त तो एक पान पुढे सरकलाय, कर्वे आणि सेमूर यांच्या शेजारी. प्रश्नावलीत एक नवा रकानाही आलाय: ‘बाळाला सांभाळणारी बहीण, तिचं वय आणि तिची शाळा.’